पाहुणा कुठपर्यंत?

वास्तुरचनेची पदवी घेऊन फार काळ झाला नव्हता, तेव्हा तंजावरजवळच्या तिरुवैयारूतल्या एका मराठी कुटुंबाच्या जुन्या घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढायचं काम माझ्याकडे आलं. काम लहान, म्हणून नवख्या मुलीला मिळालं. घर अग्रहाराच्या, म्हणजे जुन्या ब्राह्मण वस्तीच्या गल्लीत, कावेरी चालत जाण्याच्या अंतरावर. घरात दोघंच उरलेली, निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. मुलं चेन्नईला आणि त्याहूनही दूर. सगळी गल्ली त्यांना मामा-मामी म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांच्या आराधनेला, म्हणजे पुण्यतिथीच्या उत्सवाला येणाऱ्यांपैकी चार-सहा जणांना उतरायला जागा द्यावी, एरवी गाणं शिकायला किंवा अभ्यासाला येणाऱ्यांना खोली द्यावी, आणि त्या पैशातून कौलं बदलून घ्यावीत, एवढीच त्यांची इच्छा होती.

मला वाडा ठाऊक होता. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपे, माजघर. इथे गल्लीत उभी राहिले तर समोर एक बुटकी ओसरी, तिच्यावर उतरत आलेली कौलं, आणि दोन्ही बाजूंना शेजारच्या घरांच्या सामाईक भिंती. घर रस्त्याच्या बाजूला अरुंद, पण मागे लांबच लांब गेलेलं. ओसरीला तिण्णै म्हणतात. मग रेळी म्हणजे चिंचोळा बोळ, मग मुत्रम म्हणजे आभाळाला उघडा असलेला खोलगट चौक, त्याभोवती कूडम म्हणजे बैठकीची पडवी, पुढे स्वयंपाकघर, परस, आड, गोठ्याची रिकामी जागा आणि शेवटी मागची गल्ली. पुढच्या दारात उभं राहिलं की नजर सरळ मागच्या दारातून बाहेर पडते. एका रेषेत सगळं. कागदावर हे घर काढायला सोपं होतं. त्यात दोन खोल्या कुठे बसवायच्या, हे मात्र मला कळेना.

कारण टेपने जे मोजलं त्यात घर नव्हतंच. कूडमचा एक कोपरा मला मोकळा दिसला, तर तिथे वर्षातून एकदा रामनवमीला रामाचा पट लावतात. रेळीच्या बाजूची अंधारी खोली रिकामी होती, पण मामींची दुपारची विश्रांती तिथेच, कारण घरातली सर्वांत थंड भिंत ती. मुत्रमच्या कडेला सोवळ्याचं वाळत असे. माझ्या नकाशावर ज्या जागा कोऱ्या होत्या त्या त्यांच्या दिवसात भरलेल्या होत्या, आणि त्यांचं काम काय हे विचारायला मला शब्द सापडत नव्हते. मामींचं मराठी मला ऐकताक्षणी आपलं वाटायचं आणि पुढच्याच वाक्याला हातातून निसटायचं. त्यांच्या हेलात तमिळ होतं आणि काही रूपं अशी जुनी की मी ती फक्त पोथ्यांत वाचली होती.

हवेनेही मला गोंधळात टाकलं. पुण्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो, तेव्हा भिंत कुठली भिजेल हे अंगवळणी पडलेलं असतं. इथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येचा. तिरुवैयारू विषुववृत्तापासून अकरा अंशांच्या आत असल्यामुळे एप्रिलच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टच्या अखेरीस भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो. मुत्रममध्ये तेव्हा सावलीच उरत नाही. पण चारी बाजूंची कौलं इतकी खाली उतरलेली असतात की कूडममध्ये मात्र गारवा टिकतो आणि तापलेली हवा चौकातून वर निघून जाते. घराचा मधला काही भाग मद्रास टेरेसचा आहे. सागवानी तुळया, त्यांवर पातळ विटा कडेवर तिरक्या रचलेल्या, वर चुन्यात विटांचे तुकडे आणि शेवटी चपट्या फरशा. हे सगळं चुन्यात बांधलेलं, श्वास घेणारं. मला दिलेल्या सूचनांत पहिली ओळ होती, प्रत्येक खोलीला जोडून न्हाणी-संडास. ती वाचून मी भिंतीकडे पाहिलं आणि खरोखर घाबरले. चुन्याच्या भिंतीला आतून रोज पाणी लागलं आणि वरून सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आतच कोंडते आणि विटा भुसभुशीत होत जातात. पाहुण्याच्या सोयीसाठी घराच्या आयुष्याला कात्री लावायची का, असा तो सरळ प्रश्न होता.

मामांनी दोन-तीन दिवस माझी ओढाताण पाहिली आणि म्हणाले, "तू आधी ओरत्तनाडूला जाऊन ये. मग इथे रेघ ओढ."

ओरत्तनाडू तंजावरच्या दक्षिणेला, पट्टुकोट्टैच्या वाटेवर. तिथे मुक्तांबाळ चत्र आहे, १८०२ मध्ये तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी बांधलेलं. मुक्तांबा ही त्यांची प्रिय उपपत्नी. आपल्या नावाने चत्र उभारावं अशी तिची शेवटची इच्छा होती असं सांगतात. चत्र म्हणजे आपण ज्याला अन्नछत्र आणि धर्मशाळा म्हणू ते दोन्ही एकत्र. दगडी जोत्यावर रथाची चाकं कोरलेली आणि रथ ओढणारे हत्ती-घोडे. आत चौकामागून चौक, लाकडी खांब, लांब पडव्या. मी वही काढून बसले आणि प्रथमच मला रेषा सुचू लागल्या. कारण ही इमारत अनोळखी माणसासाठीच बांधलेली होती. घरात पाहुण्याला जागा करून द्यायची नव्हती, तर पाहुण्यासाठीच एक घर उभं करायचं होतं. रस्त्याच्या बाजूला रुंद ओसरी, कोणीही टेकावं अशी. तिच्यामागे पहिला चौक, तिथे वाट पाहणं, हातपाय धुणं. स्वयंपाकाचे चौक आणखी आत. चालत आलेला माणूस एकेक उंबरा ओलांडत आत येतो आणि प्रत्येक उंबऱ्यावर त्याला पुढे किती जायचं हे इमारतच सांगते. पाटी लावावी लागत नाही.

या वाटेवर अशी चत्रं एकापाठोपाठ एक होती, कारण ती रामेश्वरची वाट होती. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. त्यांच्याकडे उरला तो किल्ला आणि उत्पन्नातला वाटा. त्यानंतर १८०१ मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला चत्रांविषयी एक पत्र लिहिलं. मामांकडे त्याची प्रत होती, ती मी त्यांच्या तिण्णैवर बसून वाचली. राज्य गेलेला राजा तिथे मागतो काय, तर चत्रांच्या जमिनींना हात लावू नका. ब्राह्मणापासून ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत त्यांच्यापर्यंत सगळ्या वाटसरूंना, जोगी-जंगम-बैराग्यांना तिथे भात मिळतो, असं तो सांगतो. शिजवलेलं ज्यांना चालत नाही त्यांना शिधा मिळतो. मध्यरात्रीपर्यंत वाढणं चालतं, मग घंटा वाजवून पुकारा होतो की ज्यांना अजून मिळालं नसेल त्यांनी यावं. आजारी पडलेल्याला बरा होईपर्यंत ठेवून घेतात, साप-विंचवाच्या विषावर इलाज करणारे वैद्य तिथे असतात, तान्ह्या मुलांना दूध मिळतं, अनाथांना शिक्षक शिकवतात, वाटेत मेलेल्याचे अंत्यविधी त्याच्या जातीच्या रीतीने होतात, आणि बाळंतिणीची सोय होते.

हे वाचताना मला माझ्या सूचनांचा कागद आठवला, ज्यात पाहुण्याला काय लागतं याची यादी होती आणि यजमानाविषयी एकही ओळ नव्हती. सरफोजींच्या पत्रात दोन्ही आहेत. कोण येणार, त्याला काय लागणार, ते कोण देणार, आणि खर्च कुठल्या जमिनीच्या उत्पन्नातून निघणार. जी इमारत स्वतःला जगवण्याचा हिशेब बरोबर घेऊन येते तीच टिकते, हे मला कॉलेजात सांगितलं गेलं असेल, पण समजलं ते ओरत्तनाडूला. ही चत्रं पुढे सरकारकडे गेली, काहींत शाळा आणि वसतिगृहं आली, काही पडली. तिरुवैयारूतही कावेरीकाठचा मराठा काळातला कल्याण महाल आज सरकारी संगीत महाविद्यालय आहे. मुलं तिथे वीणा शिकतात. जुन्या वास्तूचा यापेक्षा चांगला शेवट मला सुचत नाही, कारण तो शेवट नाहीच.

इथे एक गोष्ट मन घट्ट करून लिहायला हवी, कारण तिचा त्रास मला सगळ्यांत जास्त झाला. उंबऱ्यामागून उंबरा ही रचना मला ज्या कारणाने आवडली, तीच रचना शतकानुशतकं माणसांना बाहेर ठेवण्यासाठी वापरली गेली. चत्रांत सगळ्यांना अन्न होतं, पण शिजवण्याच्या आणि जेवणाच्या जागा जातीप्रमाणे वेगळ्या. अग्रहाराच्या गल्लीतून काही माणसांना चालायचीही मुभा नव्हती. बृहदीश्वरासकट तंजावरच्या राजघराण्याच्या देवस्थानातली मंदिरं दलितांसाठी उघडली ती १९३९ मध्ये. मग मी नव्या आराखड्यात जी रेषा ओढणार ती कुणाच्या बाजूने?

याचं उत्तर शोधायला मला दूर जावं लागलं नाही. नदीकाठी त्यागराजांची समाधी आहे. त्यागराज १७६७ चे, आयुष्य तिरुवैयारूत गेलं, १८४७ मध्ये इथेच देह ठेवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही समाधी दुर्लक्षित होती. बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी परंपरेतल्या गायिकेने आपली कमाई आणि दागिने खर्चून तिथे मंदिर बांधलं. १९२१ मध्ये पायाभरणी, १९२६ मध्ये प्रतिष्ठापना. आणि ज्या वास्तूचा प्रत्येक दगड तिने आणला, त्याच वास्तूसमोर आराधनेत बायकांना गाऊ देत नव्हते. तिने समाधीच्या मागच्या बाजूला बायकांचं गाणं सुरू केलं. १९४० च्या सुमारास वेगवेगळी आराधना करणारे सगळे गट एकत्र आले तेव्हा कुठे बायका समोर आल्या. आज पुष्य बहुल पंचमीला, म्हणजे पौष वद्य पंचमीला, वाळूवर घातलेल्या मांडवात शेकडो गायक-वादक पंचरत्न कृती एकत्र गातात तेव्हा बायका-पुरुष समोरासमोर बसलेले असतात, आणि नागरत्नम्मांची मूर्ती त्यागराजांच्या समाधीकडे तोंड करून बसलेली आहे. मी तिथे बराच वेळ होते. वास्तू बांधणं आणि तिच्यात कुणी कुठे उभं राहायचं हे ठरवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट बदलता येते.

मामींशी मी याविषयी बोलले, जमेल तशा मराठीत. मला भीती होती की त्या दुखावतील. त्यांनी शांतपणे सांगितलं की खोलीत कोण राहणार याची जात त्या विचारणार नाहीत. पण स्वयंपाकघरात आणि देवाजवळ कोणीच पाहुणा येणार नाही, मग तो पुण्याचा रायर (इथे मराठी ब्राह्मणाला असं म्हणतात) असो की परदेशी. सगळ्यांना सारखं. या उत्तराने माझी गाठ सुटली. घराची मर्यादा आणि जातीची मर्यादा यांतला फरक इतकाच आहे की पहिली सगळ्यांना एकसारखी लागू होते. मी तेवढीच रेषा काढायची ठरवली.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं तो भाग. तंजावरला येणारे बहुतेक पर्यटक बृहदीश्वर पाहतात. १९८७ पासून ते जागतिक वारसा आहे. महाराष्ट्रातून येणारे आपले लोक प्राकाराच्या भिंतीवरचा १८०३ चा मराठी शिलालेख पाहतात, राजवाडा पाहतात, सरस्वती महाल ग्रंथालय पाहतात आणि छाती भरून येते. भरून यावीच. पण राज्य १८५५ मध्ये खालसा झालं, माणसं खालसा झाली नाहीत. ती अजून इथे राहतात, तमिळ शाळांत शिकतात, तमिळमध्ये नोकरी करतात आणि घरात मराठी बोलतात. एकदा अशीच एक गाडी भरून मंडळी मामींच्या दाराशी आली. त्यातल्या एकाने मोबाइल समोर धरून त्यांना म्हटलं, "आजी, तुमचं ते जुनं मराठी बोलून दाखवा ना." मामी बोलल्या, कारण पाहुणा दारात आहे. मग आत येऊन बराच वेळ गप्प होत्या. त्या मंडळींच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ज्यांचं मराठी बहुसंख्येच्या मांडीवर वाढलं आहे अशा आपण, तीनशेहून जास्त वर्षं अल्पसंख्य राहून भाषा जपलेल्या बाईला नमुना म्हणून वागवावं, हे मला फार लागलं. परक्या समाजाकडे आदराने कसं जावं यावर जगभर सनदा लिहिल्या गेल्या आहेत, आयकोमॉस या वारसा-जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९९ च्या पर्यटन-सनदेत तर यजमान समाजाचा सहभाग आणि फायदा ही स्पष्ट तत्त्वं आहेत. पण आपल्याच भाषेच्या माणसाकडे जाताना ती लागू आहेत हे आपल्याला सुचत नाही.

त्या प्रसंगानंतर आराखडा माझ्यापुरता बदलला. पाहुण्याच्या खोल्या मी घराच्या पोटातून काढून मागच्या परसात नेल्या, गोठ्याच्या जागी, मागच्या गल्लीतून वेगळ्या दाराने. दोन खोल्या, कौलारू छप्पर, जाड भिंती, आणि त्यांच्यापुढे एक ओसरी जिच्यावर पाहुणा आपला आपण बसू शकेल. पाहुणा घरातून आरपार चालत जाणार नाही. पुढच्या तिण्णैवर तो येईल तेव्हा मामा-मामींनी बोलावलं म्हणून येईल. तिथे गप्पा होतील, डांगर पच्चडी आणि रसवांगीची चव तिथे मिळेल, आणि बोलणं केव्हा संपवायचं ते मामी ठरवतील. दारातून देवघरापर्यंत जाणारी सरळ नजर अडवायला रेळीत एक लाकडी जाळी सुचवली. ती गल्लीतल्या सुताराकडे जुन्या सागवानातून होईल.

मामांना ही रचना लगेच पटली. मामींचा प्रश्न वेगळा होता. आराधना काही दिवसांची, सप्तस्थानाच्या उत्सवात, म्हणजे चित्रै या तमिळ महिन्यातली पालखी सात गावांतून फिरते तेव्हा, आणखी काही दिवस. बाकीचं वर्ष त्या खोल्यांचं काय? मी फक्त आराधनेच्या गर्दीचा विचार करत होते. त्यांच्या सांगण्यावरून खोल्या अशा केल्या की एरवी मधली फळ्यांची भिंत काढली की एकच जागा होईल. मुलं सुट्टीला आली की त्यांची, गल्लीतल्या मुलींच्या गाण्याच्या शिकवणीची, लग्नकार्यात सामान ठेवायची. वर्षभर कुलूप लावून ठेवलेली खोली घराला ओझं होते. पर्यटनासाठी म्हणून बांधलेल्या जागा नेमक्या तिथेच मरतात.

पाण्याने मात्र अजून आम्हाला सोडलेलं नाही. आड हा घराचा जीव आहे आणि परस अरुंद. आपल्याकडच्या मानकांप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर लांब हवा. एका घराच्या हद्दीत ते जेमतेम बसतं, पण डाव्या-उजव्या शेजाऱ्यांचेही आड आहेत आणि भिंत असली तरी जमिनीखाली पाणी एकच आहे. कावेरीचा गाळ, वाळू, वर आलेली भूजल पातळी. एकाने घाण जिरवली तर गल्ली पिते. इथे खोलीला जोडून संडास की वेगळा, हा वाद दुय्यम ठरतो. एकेका घराने हा प्रश्न सुटणार नाही. गल्लीतल्या काही घरांनी मिळून मागच्या गल्लीत एक बंद टाकी आणि कर्दळीच्या वाफ्यातून पाणी गाळण्याची सोय करावी असं मी मांडलं. मुळांभोवतीचे जिवाणू मैलापाण्यातली बरीच घाण मोडून टाकतात, उरलेलं पाणी केळींना जातं. मामांनी दोन घरांशी बोलून घेतलं आहे. तिसऱ्या घरात भाडेकरू आहेत, मालक सिंगापूरला. चौथ्या घराने वर मजला चढवायचं ठरवलं आहे, आणि तो चढला तर मामींच्या मुत्रममधली सकाळची उन्हं जातील.

मजल्याची गोष्ट मी दोनदा समजावून सांगितली, तमिळ येत नसल्यामुळे चौकातली सावली कागदावर रंगवून. त्या घरातले गृहस्थ सगळं ऐकून घेतात, कॉफी देतात आणि भाड्याचा हिशेब विचारतात. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. मजला चढवून त्यांना जे मिळणार ते मी काढलेल्या दोन खोल्यांतून मिळणार नाही. त्यांना थांबवायचं तर गल्लीतल्या उत्पन्नात सगळ्यांना वाटा मिळेल अशी काही सोय लागेल, चत्राच्या जमिनींसारखी, आणि ती आखणं माझ्या शिक्षणात नव्हतं. मामांनी एका निवृत्त तहसीलदारांना विचारायचं कबूल केलं आहे. तोवर चुना भिजवून ठेवला आहे. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून मुरवायला त्याला वेळ लागतो, आणि ईशान्येचा पाऊस सुरू व्हायच्या आत कौलांखालची एक तुळई बदलायची आहे, ती बदलायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.